बंदरआळीतलं झाकण

१

पाववाल्याची सायकल वाजली की मी गिरणीचं शटर वर करते. तांदूळ आधी, मग गहू, शेवटी नाचणी, असा नेम सासूबाईंपासून चालत आलाय. आमचे हे उरणला ट्रेलर चालवतात, रविवारचे घरी येतात. बाकी दिवस घर आणि गिरण माझ्या ताब्यात.

आमची बंदरआळी खारबंदर गावाच्या सगळ्यात खालच्या अंगाला आहे. आळीमागे बांध, बांधामागे खाडी. आळीतलं गटार गोदूकाकीच्या ओट्यासमोर एका चेंबरमध्ये उतरतं आणि मोठ्या पाइपातून बांधाखालून खाडीत जातं. पाइपाच्या तोंडावर उघाडी आहे, म्हणजे ओहोटीला पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला खाडी अडवणारी लोखंडी झडप. ती मोडून गेली त्याला दोन पावसाळे झाले. तिची तक्रारही तेवढीच जुनी.

त्या सकाळी शटर वर केलं तर चेंबर उघडं. सिमेंटचं जाड झाकण बाजूला ठेवलेलं. भंगारवाल्यांचं काम असेल असं आधी वाटलं. पण सिमेंट कोण चोरणार? आणि चोरायला आलेला माणूस झाकण असं भिंतीच्या कडेला, कुणाच्या पायात येणार नाही असं नीट ठेवून का जाईल?

समोरच्या घरातली प्राप्ती बाळाला कडेवर घेऊन बाहेर आली. ती थळला नोकरी करते, तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होती. तिनं नगरपंचायतीच्या ॲपवर फोटोसकट तक्रार टाकली, आणि नवल म्हणजे दुपारीच ठेकेदाराचा माणूस, गणराज, आणखी काही जणांना घेऊन आला. झाकणाच्या भोकांत पहारी घालून त्यांनी ते उचललं तेव्हा सगळ्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. बसवण्याआधी गणराज आत डोकावला आणि त्याच्या शर्टाच्या खिशातला मोबाइल आत पडला.

आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो. डुबुक नाही की आपटल्याचा आवाज नाही.

"गाळात रुतला असेल," गणराज म्हणाला, पण स्वतःलाच समजावल्यासारखा. बांबू घालून पाहिला, तळ लागला नाही. शेवटी झाकण बसवून ते लोक निघून गेले.

२

दुसऱ्या सकाळी झाकण पुन्हा बाजूला. आम्ही पुन्हा तक्रार केली, पुन्हा माणसं आली. त्याच्या पुढच्या सकाळी तेच. प्राप्ती चिडून म्हणाली, "वहिनी, कुणीतरी मुद्दाम करतंय."

तेव्हा मी पहिल्यांदा झाकणाकडे नीट पाहिलं. ते दर वेळी उलटं ठेवलेलं असायचं, खालची बाजू वर. गटाराच्या झाकणाची खालची बाजू कशी असते ते बघायला कुणी जात नाही, पण ठाऊक सगळ्यांना असतं. काळी, बुळबुळीत, झुरळांनी भरलेली. ही बाजू घासलेल्या पाटासारखी स्वच्छ होती. आणि घाण येत नव्हती. मी उघड्या गटारावर उभी होते आणि नाकाला पदर लावावासा वाटत नव्हता. आतून नुसता गारवा येत होता, खोल विहिरीवर वाकल्यावर येतो तसा.

मी हिशेबाने विचार करणारी बाई आहे. उघाडी मोडलीय, भरतीचं पाणी पाइपात घुसतं, आत हवा कोंडते आणि ती हवा झाकण उडवते. पाण्याने चेंबरही धुऊन निघतं. मी प्राप्तीला हे सगळं समजावून सांगितलं.

"आणि मग ती हवा झाकण उलटं करून भिंतीच्या कडेला ठेवते?" तिनं विचारलं.

मी पुन्हा झाकणाकडे पाहिलं.

त्याच दिवशी मी गोदूकाकीकडे तांदळाचं पीठ द्यायला गेले. काकीचा नवरा, धर्माजीकाका, पडवीत खाटेवर असतो. लकवा मारल्यापासून त्याचे दोन्ही पाय गेलेत, वाचाही गेलीय. डावा हात तेवढा चालतो. पडवीची जमीन ओली होती. आणि काका पाय पोटाशी घेऊन निजला होता.

"काकी, पाय तू उचलून ठेवलेस?"

गोदूकाकी सुकटाची टोपली खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "मी न्हाय उचललं गो बाय. डागदर बोलला, पाय मेलं. मेलेलं पाय कवा वर व्हतात?"

काकाचे डोळे उघडे होते. तो खाटेखालच्या जमिनीकडे बघत होता.

३

मी गिरण बंद ठेवून नगरपंचायतीत गेले. तिथला अभियंता ऋत्विक वयाने पोरगेला, नवीनच लागलेला, पण उद्धट नाही. त्यानं मला खुर्ची दिली, संगणकावर शोधलं आणि म्हणाला, "ताई, तुमची तक्रार तर आज सकाळीच निकाली निघालीय. काम झाल्याचा फोटोही आलाय."

"आज तिकडे कुणी आलंच नाही."

त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. फोटो जवळजवळ सगळा काळा होता. काळ्यात उजेडाची काही गोल भोकं. त्यातल्या एका भोकात काहीतरी तपकिरी. ऋत्विकनं ते मोठं करून दाखवलं. चपलेचा तळवा होता. टाचेला टायरचा तुकडा, चांभाराने तिरका ठोकलेला.

मी खुर्चीत बसल्या बसल्या पाय उचलून माझी चप्पल पाहिली. ऋत्विकनंही पाहिली.

"हा फोटो खालून काढलाय," मी म्हटलं. "काल झाकण नीट बसलं का ते बघायला मी त्यावर उभी राहिले होते."

कुणी पाठवलाय ते त्यानं शोधलं. फोटो गणराजच्या खात्यावरून आला होता. ऋत्विकनं ठेकेदाराला फोन लावला, ठेकेदाराने गणराजला दिला. मोठ्या आवाजावर ठेवलं असल्यामुळे मलाही ऐकू आलं. "साहेब, माझा मोबाइल त्या चेंबरातच आहे. मी कुठून फोटो पाठवू?"

ऋत्विकनं फोन ठेवला. पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाला, "फोन चालू असेल. आपोआप फोटो निघतात कधी कधी. खिशातसुद्धा निघतात."

हे मलाही सुचलं होतं. मी ते घट्ट धरून ठेवायला तयार होते. पण तोंडातून निघून गेलं, "आणि 'काम पूर्ण' हेही आपोआप दाबलं गेलं?"

त्यानं दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "ताई, एक सांगतो. मिठागर आळीतूनही अशाच तक्रारी यायच्या. आता येत नाहीत."

"दुरुस्त केलंत?"

"नाही. चेंबरजवळची घरं रिकामी झाली. माणसं कुठे गेली ते कुणी नीट सांगत नाही. मुंबईला म्हणतात." त्यानं पडदा परत स्वतःकडे वळवला. "तुम्ही तक्रार मागे घ्या. थोडे दिवस गप्प राहा. कदाचित..."

"कदाचित काय?"

त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि पंखा तर फुल होता. मला त्याची दया आली, आणि त्याहून जास्त राग आला. त्या रागाने मला उभं केलं.

"गटार नगरपंचायतीचं. झाकण नगरपंचायतीचं. घर माझं. मी तक्रारही मागे घेणार नाही आणि कुठे जाणारही नाही. उघाडी कधी बसवता ते सांगा."

"नवी झडप येऊन पडलीय, ताई. बसवायला माणसं तिथं उतरत नाहीत."

"मग तुम्ही उतरा," मी म्हटलं आणि निघाले.

४

गिरणीत दिवसभर पीठ उडतं. दिवेलागणीला मी ते झाडून काढते. त्या संध्याकाळी आळीतल्या पुरुषांनी झाकण बसवल्यावर ते झाडलेलं पीठ मी चेंबरपासून गोदूकाकीच्या पडवीपर्यंत पसरलं. कुणी चालून येत असेल तर पाऊल उमटेल. माणसाचं पाऊल उमटावं, असंच मनात होतं. माणूस असला तर पोलिसात देता येतो.

उजाडल्यावर पाहिलं. झाकण बाजूला. पिठात पाऊल नव्हतं, बोटं नव्हती. पिठामधून झाकणाएवढ्या रुंदीचा एक पट्टा पार पुसून निघाला होता. कुणी अंगण सारवत जावं तसा, ओलसर आणि गुळगुळीत. तो ओटा चढून पडवीत गेला होता, खाटेभोवती सगळीकडून फिरला होता आणि आल्या वाटेनं परत गेला होता.

आम्ही काकाला उचलून माझ्या घरात आणलं. गिरणीमागच्या खोलीत खाट टाकली, बाजूला गोदूकाकी, दाराशी मी. शटर आतून कुलूप लावून बंद केलं. त्या शटरखाली बोटभर फट आहे, तिच्यातून मांजरसुद्धा येत नाही.

मला झोप लागली हे मला अजून पटत नाही. पहाटे जाग आली ती गारव्याने. कितीही झाडलं तरी गिरणीच्या जमिनीवर पिठाचा थर कायम असतो. शटरच्या फटीपासून माझ्या अंथरुणापर्यंत तो थर नव्हता. पट्टा माझ्या उशाजवळून वळून आत गेला होता. माझ्या गोधडीची कड ओली होती.

कुलूप जागच्या जागी होतं. मी ते पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं.

आत काका पाय पोटाशी घेऊन पडला होता. मी जवळ गेले तर त्यानं डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. पकड एवढी होती की बांगडी पिचली. त्याचे ओठ हलले.

"बस," तो म्हणाला.

लकव्यानंतरचा त्याचा पहिला शब्द. गोदूकाकी तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मी खाली बसायला गेले, तर त्यानं मान हलवली. नाही. डोळे बाहेरच्या बाजूला वळवले, चेंबर होतं तिकडे.

"बस," तो पुन्हा म्हणाला.

प्राप्ती दारात उभी होती. तिचा नवरा सकाळीच बॅगा भरायला लागला होता. ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही पण चला. चौलला माझ्या माहेरी चला. काकांनाही घेऊ."

"इथं मागं आलंय," मी म्हटलं. "तिथं येणार नाही कशावरून?"

गोदूकाकीनं डोळे पुसले. तिचा आवाज एकदम मासळीबाजारातला झाला. "मी लगीन करून ह्या आळीत आले तवा हितं चिखल हुता. घमेली वाहून आमी भर टाकली. गटारातलं कायतरी भ्या दावतंय म्हणून मी उठू? न्हाय उठायची. आज अवस हाय. भर दुपारी उधाण येल. तवा बघू कोण उठतं त्ये."

५

मी ऋत्विकला फोन केला. म्हटलं, काका सांगतोय तसं आम्ही झाकणावर बसतोय. ओहोटी लागेपर्यंत उठणार नाही. ओहोटी लागली की तुम्ही झडप बसवायची.

मग तो म्हणाला, "आलो."

आणि आला. टेंपोत झडप, गणराज, चार मजूर. प्राप्तीच्या नवऱ्यानं आणि मजुरांनी झाकण उचलून चेंबरवर बसवलं. उन्हं डोक्यावर आली होती. आळीत सुकत टाकलेली जाळी, फाट्यावरून जाणाऱ्या लाल एसटीचा भोंगा, कुणाच्या तरी घरातून फोडणीचा वास. एवढ्या लख्ख दुपारी मी, गोदूकाकी आणि बॅगा तशाच सोडून आलेली प्राप्ती गटाराच्या झाकणावर पाठीला पाठ लावून बसलो. मला क्षणभर हसू आलं. असं आम्हाला कुणी पाहिलं तर काय म्हणेल?

बांधापलीकडे पाणी चढत होतं. ते दिसत नव्हतं, पण होड्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज जवळ येत होता.

आधी साडीतून गारवा चढला. मग झाकण वर उचललं गेलं.

धक्का नव्हता. हवेनं उडतं तसं काही नव्हतं. घरातली बाई केर काढताना पेटीचा एक कोपरा उचलते, तेवढ्या सहज आणि तेवढ्या सवयीनं माझ्याकडची बाजू वर आली. मी पाय रोवले. प्राप्ती किंचाळली, पण उठली नाही. "बसा! वहिनी, बसा!" ती मलाच ओरडत होती.

"या गो! या समद्या!" गोदूकाकीनं हाळी दिली.

ओट्यांवर उभ्या राहून बघणाऱ्या बायका क्षणभर जागच्या हलल्या नाहीत. मग मासे विकून परत येणारी रंगू टोपली टाकून धावली आणि येऊन माझ्या मांडीवरच बसली. तिच्यामागून बाकीच्या. कुणी झाकणावर, कुणी आमच्या खांद्यांवर भार देऊन. गणराजनं पहार झाकणावर आडवी टाकली आणि तिच्यावर उभा राहिला. तरी ते उचलतच होतं. घाई नाही, दम लागणं नाही.

माझ्या पायाजवळ फट पडली होती. बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मी वाकून पाहिलं.

उधाणाची भरती होती. चेंबर काठोकाठ भरलेलं असायला हवं होतं. आत पाणी नव्हतं. मोबाइलचा उजेड होता, इतक्या दिवसांनंतरही जळणारा. त्या उजेडात खाली स्वच्छ सारवलेली जमीन दिसत होती, पडवीसारखी. आणि त्या जमिनीवर एका माणसाला निजता येईल एवढी जागा करून ठेवलेली होती. उशाकडची बाजू जरा उंच. पाहुणा यायचा असला की आपण करतो तशी. तिच्या शेजारी दुसरी जागा अर्धी सारवून झाली होती.

मग उजेडाच्या आड काहीतरी आलं आणि फटीतून बोटं वर आली. पांढरी, पाण्यात फार दिवस राहिल्यासारखी सुरकुतलेली. नखं नीट कापलेली. त्यांनी झाकणाची कड धरली, आणि त्यांच्या शेजारी आणखी बोटं आली, आणि त्यांच्याही शेजारी. एका हाताला इतकी नसतात.

मी त्या क्षणी उठले असते. हे मी लपवत नाही.

गोदूकाकीनं ती बोटं पाहिली. तिनं फक्त पाय उचलला आणि बाजारात मांजरावर आपटावी तशी टाच त्या बोटांवर आपटली.

"हात काढ, मेल्या! माज्या दारात हात घालतोस? काढ!"

बोटं हलली नाहीत. तिनं पुन्हा टाच मारली. मग मी मारली. मग प्राप्ती, रंगू, ज्या ज्या बाईला पाय पोचवता आला तिनं मारली. आम्ही सगळ्या ओरडत होतो, काय ते आठवत नाही. तोंडाला येईल ते. घशातली भीती शिव्या होऊन बाहेर पडत होती, आणि खरं सांगते, आयुष्यात इतकं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं.

बोटं एकेक करून आत गेली. शेवटचं बोट कडेवर जरा रेंगाळलं, आम्हाला मोजत असल्यासारखं. मग झाकण धाडकन बसलं.

आम्ही उठलो नाही. ऊन कलेपर्यंत, होड्या गाळावर टेकेपर्यंत तिथंच बसून राहिलो. ओहोटी लागली तेव्हा ऋत्विकनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मजुरांच्या आधी स्वतः बांधावरून खाली उतरला. झडपेचे बोल्ट आवळून होईपर्यंत त्यानं एकदाही पाइपाच्या आत पाहिलं नाही. नंतर त्यानं चेंबरवर सळ्या टाकून स्लॅब ओतून घेतला. मी कडेला उभी राहून सिमेंट कमी पडत नाही ना ते बघत होते.

दुसऱ्या सकाळी धर्माजीकाका पाय लांब करून निजला होता. जमीन कोरडी होती.

६

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, पण गावात अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. पुढच्या अवसेच्या आधी मिठागर आळीतली कल्पिता माझ्या गिरणीवर आली. दळण नव्हतं तिच्याकडे. बराच वेळ घुटमळली. मग म्हणाली, "ताई, आमच्याकडच्या रिकाम्या घरांच्या शेजारी आता माझंच घर उरलंय. कालपासून झाकण..."

"तक्रार केलीस?"

"केली. ऋत्विकसाहेब म्हणाले, झडपेची मागणी लावतो, तोवर बंदरआळीतल्या बायकांना विचारा."

मी गिरण बंद केली. प्राप्तीनं बाळ नवऱ्याकडे दिलं. रंगू बाजारातून परस्पर आली. मिठागर आळीत पोचलो तेव्हा त्या कुलूपबंद घरांसमोर आळीतली माणसं लांब उभी होती, आणि झाकणावर गोदूकाकी आधीच ऐसपैस बसून मिशेरी लावत होती. आमच्याआधी कशी पोचली कोण जाणे.

आम्ही तिच्या भोवती बसलो. ऊन चांगलंच तापलं होतं. खाडीकडून वारा आला आणि पाण्याचा चढता आवाज आला. मग आमच्या खालून, अगदी हळू, कुणीतरी दार ठोठावल्यासारखं ठोठावलं. शेजाऱ्यानं ठोठावावं तसं, अदबीनं.

कल्पितानं माझा हात पकडला. पण ती बसून राहिली.

गोदूकाकीनं बाजूला थुंकून तोंड पुसलं, झाकणाच्या भोकाशी वाकली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली,

"वर जागा न्हाय."